कुटुंबाशिवाय खोली नाही

२ जून १९७१
दमूला नोकरी लागली! पाथर्डीच्या हायस्कुलात, संस्कृत शिकवायला. नगरभर सांगून आलो. ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही सांगितलं. वर्तमानपत्राला मात्र कळवलं नाही — वार्ताहराने स्वतःच्या लेकीची बातमी देणं बरं दिसत नाही. (दोनदा लिहिली, दोनदा फाडली.)

३ जून
गावातच राहायचं, ही नेमणुकीची अट. खोली नाही तर नोकरी नाही! आणि पहिल्या घरमालकाचा निरोप — "एकटी पोरगी ठेवनार न्हाई." आता रविवारी दुसरी खोली बघायची, कुणा गोजरबाईंची.
दमू म्हणाली, "बाबा, तुम्हीही चला ना राहायला. आईमागे इथं एकटे काय करणार?"
लेकीच्या बिऱ्हाडात बाप? छे! आमच्याकडे लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. तिचं लग्न झालेलं नाही, ही सबब तिने काढली. मी ऐकलं न ऐकलंसं केलं.

५ जून
तयारी. धोतर परीटघडीचं. घरमालकिणीपुढे करायचं भाषण दमूला म्हणून दाखवलं — मुलगी सुशील, शाकाहारी, मितभाषी...
"बाबा, आपण खोली बघायला चाललोय की स्थळ?"
'मितभाषी' तेवढं गाळलं.

६ जून
गोजरबाई ओट्यावर बाजरी पाखडत होत्या. मी घसा साफ करतो तोच — "कुटुंब कुठं हाय?"
"वारली हो."
"आगं बया! मंग न्हाई जमायचं. कुटुंबाबिगर खोली देत न्हाई मी. मागं एक एकटा गडी ठेवला हुता, लई ताप दिला त्यानं."
बाई मलाच भाडेकरू समजल्या! मी म्हटलं, कुटुंब म्हणजे केवळ पत्नी नव्हे, मूळ संस्कृतात... व्युत्पत्ती निम्म्यावर असताना दमू पुढे झाली.
"मावशी, खोली मला हवी. शाळेतली नवी बाई मी. आणि हे" — सरळ माझ्याकडे बोट! — "हे माझं कुटुंब."
सूप थांबलं. मग बाई अशा हसल्या की बाजरी ओटाभर!
"मिशीवालं कुटुंब! सैपाक येतो का ह्यास्नी?"
"भात येतो. कधी कधी खाली लागतो."
"चालंल. पर ह्यास्नी हितंच ऱ्हायला पायजे. दावन्यापुरतं कुटुंब नगं मला. उद्याच्याला सांगा."
दमू पदर खोचून खोलीची खिडकी उघडून बघत होती — लागते का नीट, कडी बसते का. जन्मभर व्याकरण घोकलं मी. शब्द वापरावा कसा, ते कार्टीने दाखवलं! तोंडातून मात्र "बघतो" एवढंच निघालं.

७ जून
वर्तमानपत्राच्या कार्यालयाला नवा पत्ता कळवला — शामकांत खिस्ती, द्वारा कु. दमयंती खिस्ती, पाथर्डी.
'द्वारा' जरा ठळकच काढलं.