वजा आलेलं गाजर आणि भाऊजींचा पालक

ती. ताईस,

धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझी कंबर, भाऊजींचे गुडघे आणि तुम्हा दोघांचं एकमेकांशी बोलणं, तिन्ही पूर्ववत झाली असतील अशी आशा करतो. आम्ही खुशाल आहोत, म्हणजे माझी नोकरी अजून आहे. येत्या रविवारी मी येणार नाही. तोंड दाखवायची सोय उरलेली नाही, म्हणून हा पत्राचा खटाटोप. (उभ्याने वाचू नकोस, बस.)

मी ऑफिसात नेमकं काय करतो हे तू वीस वर्षांत एकदाही विचारलं नाहीस. तुझ्या मते मी ‘भाज्या जाळतो’. खरंच आहे ते. शेतांतून आलेल्या भाज्या वाळवायच्या, भट्टीत त्यांची राख करायची आणि त्या राखेत किरणोत्सर्ग किती ते यंत्राने मोजायचं. मागे अणुवीजकेंद्रात अपघात झाला तेव्हा जी धूळ पडली, तिच्यातलं किरणोत्सर्गी सीझियम अजून मातीत मुक्काम ठोकून आहे. आणि मुळं म्हणजे महाभोळी! त्यांना हवं असतं पोटॅशियम. सीझियम वागायला अगदी तसंच, म्हणून मुळं त्याला घरचंच समजून आत घेतात आणि थेट पानापर्यंत पोचवतात. (तुझ्या नणंदेसाठी स्थळ पसंत करताना तुमच्या घराने हेच केलं होतं. असो.)

आता मोजायचं तर तुलनेला एक स्वच्छ भाजी लागते. तिचा आकडा म्हणजे शून्य. तो बाकीच्या भाज्यांतून वजा करायचा. नियमाप्रमाणे ती लांबच्या सरकारी मळ्यातून आणायची. त्यासाठी चार फॉर्म, तीन सह्या आणि कायम दुरुस्तीला गेलेली एक गाडी लागते. इकडे भाऊजी दर रविवारी पालकाची जुडी माझ्या हातात कोंबणार. तुमचं घर धुळीच्या पट्ट्याबाहेर. म्हटलं, आयतं चालून आलंय, कशाला नाही म्हणा? तीन वर्षं मी भाऊजींचा पालक भट्टीत घातला. (हो, ताई. ‘पालक काय चवदार होता!’ असं मी दर आठवड्याला सांगायचो आणि भाऊजी खूश होऊन पुढच्या वेळी दोन जुड्या द्यायचे. मी त्यातलं एक पान खाल्लेलं नाही.)

मागच्या मंगळवारी एका शेतकऱ्याचं गाजर वजा आलं, म्हणजे शून्याच्याही खाली. म्हणजे त्या गाजरात किरणोत्सर्ग नव्हता एवढंच नव्हे, तर ते शेजारपाजारचाही कमी करत असावं! आमचे साहेब (पदव्या पाच, विचार बेताचा) आनंदाने खुर्चीतून उठले, जे ते सहसा पाचच्या आधी करत नाहीत. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि गाजराचा फोटो वर पाठवला. दुसऱ्या दिवशी वरून एक तपासनीस बाई आल्या. त्यांनी गाजराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फक्त विचारलं, तुमची स्वच्छ भाजी कुठली? माझी बोबडी वळली, आणि वळलेल्या बोबडीनेच मी तुमचा पत्ता दिला.

भाऊजींच्या बागेचं गुपित तुला माहीतच आहे: बेकरीवाल्याच्या भट्टीतली राख. फुकट ते पौष्टिक! बेकरीवाला जाळतो डोंगरावरची लाकडं, आणि धूळ पडली होती नेमकी त्या डोंगरावर. झाडांनी सीझियम मुळांतून उचललं, लाकडं जळली, ते राखेत उरलं आणि भाऊजींनी ते पोत्यापोत्यांनी वाफ्यांत कालवलं. कोणी आजारी पडावं इतकं काही नाही, घाबरू नकोस. (खाऊ मात्र नका.) पण गाजराहून मळका पालक मी ‘शून्य’ धरला, म्हणून गाजर वजा आलं; आणि याच शून्याच्या जिवावर मी साठ शेतं निर्धोक ठरवली आहेत. ती सगळी आता पुन्हा तपासायची. आणि भाऊजींच्या बागेतली वीतभर माती खरवडून न्यायची आहे. हृदयाच्या दुखण्यानंतर वर्षभर ते त्या मातीखेरीज कोणाशी धड बोलत नव्हते. ती न्यायची हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? फार वाईट वाटतं गं.

तुझा,
धाकटा

ता. क. : खरं काम हे. सोबत माती नेण्याचं संमतीपत्र आहे. ‘उत्कृष्ट परसबाग स्पर्धे’चा अर्ज म्हणून भाऊजींची सही घे. त्या दिवशी त्यांचा चष्मा सापडला नाही तर बरं.

ता. क. २ : वरची ता. क. रद्द. पाकीट चिकटवायच्या आत भाऊजी ऑफिसात हजर! तपासनीस बाईंनी परस्पर फोन केला होता. मी चहा सांगायला गेलो तेवढ्यात भाऊजींनी हे पत्र अथपासून इतिपर्यंत वाचलं, चष्मा लावून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी संमतीपत्रावर सही केली आणि बरोबर आणलेला पालक टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “तीन वर्षं याला स्वच्छ म्हणून लिहिलंस ना? आता नमुन्याच्या डब्यावर माझं नाव लिही. आकडा येईल तो येईल. त्या साठ जणांच्या दारात जायचं असेल तेव्हा मला हाक मार, मी येतो बरोबर.”

नाव लिहिलं, ताई. यंत्रासमोर मात्र दुसऱ्याला बसवलं. मला तो आकडा वाचवेना.