गाळलेलं वाक्य

प्रिय योलीमा,

रागात लिहितोय, तेव्हा खुशाली नंतर. ‘मकाव मुलगी, भाग दोन’ या चित्रपटाचं माझं परीक्षण गुरुवारी छापून आलं आणि त्यातलं एक अख्खं वाक्य गायब. औषधांच्या दुकानातल्या नूबियाने मला ते दोनदा वाचून दाखवलं, माझा चष्मा घरी राहिला होता. दर वेळेसारखं मी फोनवर सांगितलं आणि तू टाइप करून पाठवलंस, त्यात मी तुला स्वच्छ सांगितलं होतं की चित्रीकरण गढूळ आहे, ती पोर उडते की पडते तेच कळत नाही. बाकी सगळं जिथल्या तिथे, नेमकं तेवढंच गेलं.

बरं, इतरांचं ऐकावं तर रेडिओवरचा बेलालकासार म्हणतो, पहिल्या भागापेक्षा हा सरस, रंग बघून मुलं टाळ्या पिटतात. तुमच्या बोगोटाच्या दोन्ही पेपरांतही तोच सूर. सगळ्यांना एकदम रंगांचा पुळका कसा आला? पाणी कुठेतरी मुरतंय. वितरकाने समीक्षकांना सांकोचोचं, मटणाच्या रश्श्याचं जेवण घातलं होतं, मी गेलो नाही. बाकीचे खाल्ल्या मिठाला जागले असणार. संपादक ओस्पिनांना धरलं, तर ते म्हणाले, “तुझ्या मुलीकडून आलं तेच छापलं, एलिएसेर. माझ्यावर कशाला डाफरतोस?” मग माझा संशय तुझ्यावर गेला. तुझी ती मैत्रीण वितरकाकडेच नोकरीला आहे, हे मी विसरलेलो नाही.

तुम्हा सगळ्यांना पुराव्यानिशी पकडायचं म्हणून शनिवारी पदरच्या पैशांनी तिकीट काढलं आणि दुपारच्या खेळाला तिसऱ्या रांगेत बसलो. शेजारी सातेक वर्षांची मुलगी आईबरोबर आली होती, तिने मला तिच्या हातातला चीजचा पाव, पांदेबोनो, अर्धा मोडून दिला. मी विचारलं, तुला सगळं अंधारलेलं नाही का वाटत? ती म्हणाली, “कुठे अंधार? तिचे पंख बघा ना, लाल, पिवळे, निळे. कडेला काय बघताय आजोबा, मधोमध बघा.” मी मधोमधच बघत होतो, योलीमा. तिथे नुसता राखाडी डाग होता.

घरी येऊन लाचखोर ठरवलेल्या त्या सगळ्या समीक्षकांची मनातल्या मनात माफी मागितली. माझ्या डोळ्यांचं तुला कधीपासून ठाऊक होतं? नाताळात मी तुझ्या कपाबाहेर कॉफी ओतली, तेव्हापासून? माझी लाज राखलीस आणि मला सांगितलं मात्र नाहीस, याचा राग अजून गेलेला नाही. एकतीस वर्षांचा स्तंभ आहे, तो गेला तर मी सकाळी कशासाठी उठू, हे मला माहीत नाही. सोमवारी, अकरा तारखेला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ते भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतील, आणि मी स्वतःला ओळखतो, मी अंदाजाने ठोकून देईन आणि त्यांना पटेलही. तू ये. माझ्याशेजारी बस, आणि मी चुकीचं वाचलं की या खेपेला गाळू नकोस, सांग.

तुझाच संशयी बाप,
एलिएसेर