स्वानंदीचे थेंब

हुडको, भिलाई
१९ जानेवारी २०२५, रविवार

गीताताईंना सिंधूचा नमस्कार.

ऑपरेशनचा गुडघा आता कसा आहे? थंडीत जास्त ठणकत असेल. इथेही सकाळी नळाचं पाणी हातात धरवत नाही. बाकी घरी सगळे ठीक आहेत. संक्रांतीचा तिळगूळ या पत्रासोबतच पाठवते आहे. पाक जरा पुढे गेला, त्यामुळे वड्या कडक झाल्या आहेत. दात सांभाळून खा.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. त्याचा मला राग नाही. माझी लेक सासरी असती आणि महिनाभर माझ्याशी "हो, बरी आहे" याच्यापुढे बोलली नसती, तर मीही व्याह्यांचा फोन उचलला नसता. हर्षलनं आमच्या पियूषला फोनवर जे ऐकवलं, ते भावानं बहिणीच्या काळजीनं म्हटलं असं आम्ही धरलं. पियूषनं उलट उत्तर दिलं नाही. का दिलं नाही, ते पुढे लिहीन.

आधी नातीचं सांगते. स्वानंदीला आता चौथा महिना लागेल. कपाळ तुमचं आणि हनुवटी आमच्याकडची. आवाज काढून हसते. आमच्या ह्यांना, म्हणजे तुमच्या व्याह्यांना, तिनं पार कामाला लावलं आहे. तिची दूध ओकायची सवय तुम्हाला माहीतच आहे. पोटभर पाजावं, ढेकर काढावा, आता झोपली म्हणून खाली ठेवावं, की भळकन सगळं दूध बाहेर. नुसती ओकली असती तर पुसून काढलं असतं. पण नंतर पाठ वाकवून, मुठी आवळून असं रडायची की शेजारची वंदना भिंतीपलीकडून विचारायची, "काकी, मी येऊ का?"

वैशाली नगरात लहान मुलांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना दाखवलं. त्यांनी वजन केलं, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, वजन छान वाढतंय, घाबरू नका. अन्ननळीचं खालचं तोंड लहान मुलांचं अजून घट्ट मिटत नाही, म्हणून दूध वर येतं. बसायला लागली की बहुतेक आपोआप कमी होतं. पाजल्यावर थोडा वेळ उभी धरा, झोपवताना मात्र पाठीवरच झोपवा. घुट्टी, मध, ग्राइप वॉटर काही नको. मी वेखंड उगाळायची सहाण काढून ठेवली होती, ती गुपचूप परत माळ्यावर टाकली.

दोन प्रकारचे थेंब दिले. एक व्हिटॅमिन डीचे. ते ओकणं थांबवायला नाहीत, हाडांसाठी आहेत आणि पहिलं वर्षभर सगळ्याच बाळांना देतात. मी म्हटलं, आमच्या अंगणात तर एवढं ऊन येतं. तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, ऊन घ्या, थेंबही द्या. दुसरे प्रोबायोटिकचे, म्हणजे पोटातल्या चांगल्या जंतूंचे. काही बाळांचं रडणं त्यानं कमी होतं, काहींचं नाही, काही आठवडे देऊन पाहू, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. मला ते आवडलं.

उभं धरायचं काम ह्यांनी घेतलं. ह्यांची सारी नोकरी पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये क्रेनवर गेली. म्हणतात, "वरून माल हळू कसा ठेवायचा, ते मले शिकवू नका." खांद्यावर पंचा, पंच्यावर स्वानंदी, आणि अंगणात फेऱ्या. मग पाळण्यात इतक्या हळू ठेवतात की बघणाऱ्याचा श्वास अडकतो. तरी ती त्यांच्या सदऱ्यावर ओकतेच. एकही सदरा तिनं सोडला नाही.

आता उठते. कुकर लावायचा आहे.

सोमवार, दुपार

काल कुकरचं निमित्त करून उठले. खरं म्हणजे पुढचं लिहायला हात धजत नव्हता. आज ऊन घेऊन अंगणात बसले आहे. तुमची कीर्ती आत झोपली आहे. झोपली आहे हे लिहितानाही मला बरं वाटतं, ते का, तेच सांगायचं आहे. पत्र शेवटपर्यंत वाचा आणि वाचून होईस्तोवर उठू नका, गुडघ्याला झटका बसेल. दोघी मायलेकी आज बऱ्या आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

बाळंतपणानंतर कीर्ती नीट झोपलीच नाही. बाळ झोपलं तरी ही जागी. पाळण्यावर वाकून श्वास बघत राहायची. आम्हाला वाटलं, पहिलंच लेकरू आहे, असं होतंच. थेंब आल्यापासून ते वाढलं. औषध दुसऱ्या कोणाला देऊ द्यायची नाही, आणि स्वतः दिलं की थोड्या वेळानं विचारायची, "आई, मी हिले दिलं ना?" मी म्हणायची, दिलं बाई, माझ्यासमोर दिलं. पुन्हा तेच. जेवताना घास हातात धरून बसायची. बाटलीवरचं बारीक अक्षर मोबाइलनं फोटो काढून मोठं करून वाचायची. पियूष शिफ्टवरून आला की त्यालाही तेच विचारायची. तो म्हणायचा, "तू टेन्शन मत ले यार." त्याला तरी दुसरं काय सुचणार?

डिसेंबरच्या मध्यात व्हिटॅमिन डीची बाटली संपली. पियूषनं नवीन आणली. दुकानात पहिली नव्हती, म्हणून दुसरी दिली. ती दुप्पट कडक होती, म्हणजे पहिलीचा पूर्ण ड्रॉपर द्यायचा तर हिचा अर्धाच. कीर्तीनं सवयीनं पूर्ण दिला आणि मग बाटली वाचली.

मी तेव्हा भाजी आणायला बाजारात गेले होते. परत आले तर हे बाळाला खांद्यावर घेऊन फाटकाशी उभे. चेहरा उतरलेला.

"कीर्ती कुठं आहे?"

"'बाबा, हिले धरा' म्हणाली आन् निघून गेली. चप्पल बी नाई घातली. मी हाक मारली, पण तिनं पलटून नाई पाह्यलं. हिले घेऊन मागं कसा धावू?"

मोबाइल पलंगावर पडला होता. औषधाची बाटली उघडीच होती. मी वंदनाला हाक मारली, तिच्या स्कूटीवर मागे बसले आणि निघालो. कोपऱ्यावरच्या फळवाल्यानं सांगितलं, गाऊनमधली एक मुलगी रुआबांधा सेक्टरकडे गेली, रडत नव्हती पण पायाखाली बघत नव्हती.

ती तलावाकाठी सापडली. गीताताई, हा शब्द लिहायला मला दोन दिवस लागले. पायऱ्यांवर बसली होती. गाऊन ओला होता. कुठपर्यंत ओला होता, ते मी लिहीत नाही. तुम्ही आई आहात, आणि ती स्वतःच मागे फिरून वर येऊन बसली होती, एवढं तुम्हाला पुरे आहे.

मी जवळ जाऊन बसले. माझी शाल तिच्या अंगावर टाकली.

"घरी चाल, बाई."

"मी तिले दुप्पट औषध दिलं, आई." ती पाण्याकडेच पाहून राहिली होती. "आता ती वाचत नाई. आन् वाचली तर मी अजून काहीतरी करून ठेवीन. मी घरात नसली तरच ती वाचेल."

"ती बरी आहे. बाबांच्या खांद्यावर आहे."

तिनं ओल्या गाऊनची कड मुठीत पिळली.

"आताच ओकली त्यांच्या अंगावर. धुतलेला सदरा होता."

तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "किती ओकली?"

"रोजच्यासारखीच. चाल, तूच पाह्य."

मी हात धरला. तिचा हात बर्फासारखा गार होता, पण तिनं तो सोडवून घेतला नाही.

आम्ही तिथून घरी आलो आणि बाळाला घेऊन थेट वैशाली नगर गाठलं. डॉक्टरीणबाईंनी बाटली पाहिली, स्वानंदीला तपासलं आणि म्हणाल्या, "बच्ची को कुछ नहीं हुआ. एक बार की बात है, इतने से कुछ नहीं होता. बस रोज़ मत दीजिए." मला वाटलं, झालं, आता उठायचं. पण त्यांनी बाळ माझ्या मांडीवर दिलं, स्वतःची खुर्ची ओढून कीर्तीसमोर आणली आणि विचारलं, "अब आप बताइए. आप आखिरी बार ठीक से कब सोई थीं?"

कीर्ती जे रडली, तसं रडणं ती आमच्या घरी आल्यापासून मी पहिल्यांदाच ऐकलं. बाहेर लोक बसले होते. डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं आणि तिला रडू दिलं. सगळं ऐकून घेतलं आणि तिथूनच मनाच्या डॉक्टरांना फोन लावला. तेव्हापासून कीर्तीचं औषध सुरू आहे. बाळंतपणानंतर काही बायकांना हा आजार होतो, असं त्या डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. तिचा दोष नाही, तुमचा नाही, आमचाही नाही. औषधानं बरा होतो. अंगावर पाजताना चालेल असंच औषध निवडून दिलं आहे. सुरुवातीला तिला एकटं सोडायचं नाही असं बजावलं होतं, आम्ही एक क्षणही सोडलं नाही. पियूषनं सुट्टी घेतली. तो रोज तिच्या वेण्या घालायचा. वाकड्यातिकड्या घालायचा, पण घालायचा.

त्या दिवशी परत येताना तिनं माझं मनगट धरलं होतं. "आईले सांगू नका. ती तशाच गुडघ्यानं धावत येईल. आन् तिले वाटेल, तिची पोरगी पागल झाली." मी शब्द दिला. पियूषनंही दिला. म्हणून तुमच्याशी फोनवर ती दोन शब्द बोलायची, म्हणून आम्ही गुळमुळीत उत्तरं द्यायचो, आणि म्हणूनच हर्षल "माझ्या बहिणीला तुम्ही काय करून ठेवलं" म्हणाला तेव्हा पियूष गप्प राहिला. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ अंगणात उभा होता. मला म्हणाला, "आई, त्याच्या जागी मी असतो तर इथं येऊन धडकलो असतो."

संक्रांतीला तुमचा तिळगूळ आला नाही. दरवर्षी येतो, म्हणून कीर्तीनं विचारलं. मी आधी पोस्टाला नावं ठेवली. तिनं माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, "आई, खरं सांगा." मग मी हर्षलच्या फोनचं सांगितलं.

"माझ्यापायी तुम्ही सारे बोलणे खाऊन राहिले?"

"आमाले काई नाई होत. तू बरी हो."

"नाई. आता आईले लिहा. माझ्यानं लिहिणं होत नाई, तुम्हीच लिहा. पण सारं लिहा. तलावाचंही लिहा."

म्हणून लिहिलं.

आता ती कशी आहे, ते सांगते. झोपते. भाकरीबरोबर ठेचा मागून खाते. काल ह्यांच्या मंकी कॅपवर हसली. कधीकधी अजून एकदम गप्प होते, तेव्हा मी तांदूळ निवडायला तिच्याजवळ जाऊन बसते. थेंब मी देते, सकाळी अंघोळीनंतर. ती दारात उभी राहून बघते. तू दे, असं मी म्हटलेलं नाही. तिचं तिला वाटेल तेव्हा देईल. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल, पण पूर्ण बरी होईल. स्वानंदीचं रडणं बरंच कमी झालं. प्रोबायोटिकनं झालं की वयानं, ते डॉक्टरीणबाईही सांगू शकत नाहीत. ते थेंब आता बंद केले आहेत. ओकणं चालूच आहे.

गीताताई, बाळंतपणात लेकीजवळ आई नव्हती, ही खंत तुम्ही दवाखान्याच्या खाटेवरून मला फोनवर बोलून दाखवली होती. ती आता मनातून काढा. तुम्ही असत्या तरी हा आजार आला असता. पण आता या. हर्षलला म्हणावं, आईला गाडीत बसवून दे आणि जमलं तर तूही ये, पियूष दुर्ग स्टेशनवर येईल. घर तळमजल्याचं आहे, जिना नाही. मागच्या आठवड्यात आम्ही खुर्चीचा संडासही बसवून घेतला. ह्यांना सांगितलं की त्यांच्या कमरेसाठी आहे, पण तो तुमच्या गुडघ्यासाठीच आहे.

आल्यावर तिला काही विचारू नका. असं का केलंस, मला का नाही सांगितलंस, यातलं काहीच नको. जवळ बसा, डोक्याला तेल लावा. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल. माझ्याशी भांडायचं असेल तर मागच्या अंगणात भांडू, मी चहा करून ठेवीन.

पत्र बंद करण्याआधी कीर्तीला वाचायला देते आहे. तिनं तसं कबूल करून घेतलं आहे.

तुम्ही येईपर्यंत तुमच्या लेकीपाशी बसलेली,
सिंधू

आई,
मी सगळं वाचलं. सगळं खरं आहे. मला तुझ्याजवळ झोपायचं आहे.
ये.
कीर्ती