माईसाठी रस्ता, नकाशात नाला

शिरगाव, बदलापूर (पूर्व)
गुरुवार

ती. माईस,

धाकट्या श्यामकांतचा साष्टांग नमस्कार. (कंबरेमुळे आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकतात, उरलेली तीन मनाने टेकली असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? मनगट थंडीत ठणकतं का? समीर आणि सूनबाई तुला वेळेवर गोळ्या देतात ना, की अजून तूच त्यांना काढे पाजतेस? वांगणी म्हणजे इथून पुढचंच स्टेशन, एवढ्या अंतरावर पत्र कसलं लिहितोस, असं म्हणशील. पण फोनवर तू "हं" म्हणतेस आणि लगेच "सुषमाला दे" म्हणतेस. सुषमा माझी बायको असली तरी सगळंच काही तिच्यामार्फत सांगता येत नाही. पत्राला मध्येच "हं" म्हणता येत नाही, एवढाच माझा फायदा.

दोन वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेला तू राखी घेऊन आलीस, आमच्या गल्लीतल्या चिखलात पडलीस, मनगट मोडलं. संध्याकाळी प्लास्टरचा हात उंचावून सांगून गेलीस, "हा रस्ता होईपर्यंत तुझ्या दारात पाय ठेवणार नाही." (पडल्यावर आणखी काय झालं, त्याचा तपशील इथे नको.) तेव्हापासून राखी पाकिटातून येते, सोबत चिठ्ठीसुद्धा नसते, आणि मी रस्त्याच्या मागे लागलो आहे. आता तर घाईही आहे. आमच्या विक्रांतची मुलगी तीन महिन्यांची झाली तरी बिननावाची आहे. नाव आत्याने ठेवायचं, विक्रांतला बहीण नाही, म्हणजे त्याची आत्या तीच त्याच्या लेकीची आत्या, म्हणजे तू. अनुयाने (सून आमची गोड आहे, पण शब्दाची पक्की) सांगून टाकलंय, माईआत्या आल्याशिवाय बारसं नाही. तोवर आम्ही पोरीला चिमी म्हणतो. जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी आहे, आणि ती जागा पाहिली की मला तू आठवतेस.

तुझ्या वेळचं शिरगाव आता तुला ओळखू येणार नाही. पलीकडे कॉलेज झालं. पाठोपाठ विद्यापीठाचं काहीतरी येणार अशी आवई उठली, आणि ते यायच्या आधीच त्याच्या नावाने गाळे विकून झाले. शेजारच्या चांगोचं भाताचं खाचर होतं ना, तिथे बारा मजले उभे आहेत आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून आणखी बारा. मजल्यामजल्यावर शिकणारी पोरं, पोरागणिक स्कूटर, आणि सगळ्यांना मिळून आमची नऊ फुटांची गल्ली. पाणी एक दिवसाआड येतं, नवीन इमारत मात्र रोज येते. आम्हीही वरची खोली दोन मुलींना दिली आहे. त्यातली निशा नगररचना शिकते. (म्हणजे शहरं कशी वसवावीत ते. संध्याकाळी चिखलाच्या चपला दाराशी काढते आणि वर जाऊन त्याचाच अभ्यास करते.)

शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा नगरपालिकेच्या भिंतीवर लागला तेव्हा तीच मला घेऊन गेली. लोक नकाशात आपापलं घर असं शोधत होते, जसं जत्रेत हरवलेलं पोर शोधावं. निशाने एका रेघेवर बोट ठेवलं. रेघ निळी होती. मी म्हटलं, वा, आपल्या गल्लीला रंग छान दिलाय. ती म्हणाली, "काका, सॉरी, पण निळा मतलब नाला." घरी येऊन चांगोला विचारलं, तर तो आनंदाने म्हणाला, "व्हता ना नाला! आमी पोरं त्यान खेकडी धरायचो. त्यो बुजला त्याला चालीस वर्सं झाली." म्हणजे नकाशा चुकीचा नव्हता, फक्त चाळीस वर्षं उशिरा आला होता. आणि नाल्यावर रस्ता करता येत नाही.

हरकत घ्यायला महिन्याची मुदत होती. लोकांनी चार ओळी खरडून दिल्या. पण तुझा भाऊ अंबरनाथच्या कारखान्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होता, तो चार ओळींत कसा आटोपेल? मी माळ्यावरून बोर्ड काढला, टी-स्क्वेअर पुसला, आणि अख्खी गल्ली मापात काढली. रस्त्याची दुर्दशा साहेबांना कळावी म्हणून अठ्ठावीसच्या अठ्ठावीस खड्डे दाखवले, त्यांना क्रमांक दिले, प्रत्येकात किती पाणी साठतं ते मिलिमीटरमध्ये लिहिलं. पाणी निळ्या शाईने. ते कुठून कुठे वाहतं त्याचे बाणसुद्धा. सतरा क्रमांकाच्या खड्ड्यावर, जिथे तू पडलीस तिथे, लाल फुली केली. नोकरीतही मी इतकं देखणं ड्रॉइंग काढलं नव्हतं. चांगो म्हणाला, फ्रेम करा.

सुनावणीला साडेचार तास बसलो. साहेब भला माणूस होता, फार थकलेला. माझी हरकत चारशे बारावी. तोपर्यंत ते मान खाली घालून ऐकत होते, माझं ड्रॉइंग उलगडलं आणि ताठ बसले. "हे कुणी काढलं?" मी म्हटलं, मीच. (छाती फुगली, खोटं का सांगू.) "अप्रतिम. उतार, पाण्याची खोली, प्रवाहाची दिशा, सगळं आहे. काका, या नाल्याचा इतका पक्का पुरावा आमच्याकडेसुद्धा नव्हता." मी तोंड उघडेपर्यंत चारशे तेरावा उभा राहिला होता. नाला कायम झाला. निशा बाहेर भिंतीकडे तोंड करून उभी होती, तिचे खांदे हलत होते.

मे महिन्यात मात्र कारभार चोख झाला. इतक्या वर्षांत गल्लीत झाडू घेऊन कुणी फिरकलं नव्हतं, ते नालेसफाईवाले यंत्र घेऊन आले आणि गाळ म्हणून आमचा मुरूम उपसून घेऊन गेले. (तो मुरूम मी आणि चांगोने घमेल्यांनी पसरला होता, तुझ्यासाठी.) मी आडवा गेलो तर मुकादमाने खिशातून कागद काढला. माझ्याच ड्रॉइंगची झेरॉक्स! "एक नंबर नकाशा आहे, काका. बघतच काम केलं." खड्डे आता माझ्या मापांच्या दुप्पट आहेत. पण एकूण पाहता रस्त्याचं काम प्रगतिपथावर आहे, असं समजायला हरकत नाही.

समीर-सुरुचीला आशीर्वाद. तब्येतीला जप.

तुझा,
श्यामकांत

ता. क. काम प्रगतिपथावर नाही. रस्ता होणार नाही, निदान तुझे-माझे गुडघे चालतात तोवर तरी नाही. बारसं येत्या रविवारी धरलं आहे. गल्लीत फळ्या टाकल्या आहेत. ये.

आणखी ता. क. सुषमाने पत्र वाचलं आणि म्हणाली, "सगळं लिहिलंत, खरं तेवढं राहिलं." तर खरं असं, की तू पडलीस तेव्हा मी हसलो. तू चिखलात बसलेली आणि नारळीभाताचा डबा डोक्यावर धरलेला, एक शीतही सांडलं नव्हतं. मला हसू आवरलं नाही, आणि तुला उचलायला चांगो धावला. आई गेल्यापासून मी जिथे जिथे पडलो तिथून तू मला उचललंस. तुला उचलायची एकदाच वेळ आली, तर मी दारात हसत उभा. तू रस्त्यावर रागावली नव्हतीस, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पण तुझी माफी मागण्यापेक्षा कचेरीत साडेचार तास बसणं सोपं होतं. माझं चुकलं, माई.

रविवारी दहापासून गल्लीच्या तोंडाशी उभा असेन. तू आलीस की आधी मी सतरा नंबरच्या खड्ड्यात बसून दाखवतो. तू पोटभर हस. मला उचलायला चांगो आहेच. मग घरी चल आणि पोरीला नाव दे.