ह्यांची वाटणी करायची नाही

मी, सौ. गोपिका रुपराव लांजेवार, वय सदुसष्ट, धंदा घरकाम (वकिलांनी "काही नाही" लिहिलं होतं, ते मी खोडलं), राहणार नंदनवन, नागपूर, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीनं लिहून ठेवते. माझी शुद्ध ठिकाणावर आहे. घरातल्या बाकीच्यांची हमी मी घेत नाही. यापूर्वी लेखी मृत्युपत्र केलेलं नाही. रागाच्या भरात "घर गोशाळेला देऊन टाकीन" असं अनेकदा म्हटलं आहे, ते रद्द समजावं.

कलम १. यंदा फेब्रुवारीत माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी मी डोळे मिटून पडले होते. मुलगा अंकित, म्हणजे आमचा पिंटू, आणि मुलगी काजल उशाशी बसून बोलत होते. "आईले काही झालं तर बाबाचं कसं? त्यायले चहासुद्धा नाही येत." मग ठरलं. ह्यांना सहा महिने पिंटूकडे पुण्याला, सहा महिने काजलकडे उमरेडला ठेवायचं, आणि घर विकून टाकायचं. उन्हाळा पुण्यात बरा, हेसुद्धा ठरलं. अरे, मी मेले नव्हते, नुसते डोळे मिटले होते!

कलम २. पोरं वाईट नाहीत. मीच वाढवली आहेत, तक्रार तरी कोणाकडे करू? पिंटू अडतीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, पण अजून पुण्याहून फोन येतो, "आई, माही दहावीची मार्कशीट कुठं हाय वं?" ती लोखंडी कपाटात, वरच्या खणात, निळ्या फाइलीत आहे. ते कपाट फाइलीसकट त्याला दिलं. यापुढे विचारू नये.

कलम ३. पाटल्या आणि पोत काजलला. शिलाई मशीन सून मिनलला, कारण माझ्या मसाल्याच्या डब्याला हात लावण्याआधी विचारणारी ती या घरात एकटीच आहे.

कलम ४. शेजारच्या सिंधूताईंनी पोराच्या लग्नाला नेलेला माझा मोठा पितळी गंज (वरणाचं पातेलं) अकरा वर्षं झाली तरी परत आलेला नाही. जो आणून दाखवेल, त्याचा.

कलम ५. काजल उमरेडच्या शाळेत शिकवते. तिच्या बाळंतपणात मी डबा पाठवायला सुरुवात केली. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायचा, ती स्टँडवर येऊन घेते. नात तिसरीत गेली, डबा सुरूच आहे. पाटोड्या थापताना मी दर वेळी म्हणते, बस, हा शेवटचा. मग तिचा फोन येतो, "आई, आज काय हाय वं?" अगं, हातात डबा आहे ना, उघडून बघ की! पण खरं लिहायचं तर त्या फोनानं मला जो आनंद होतो तो देवळात जाऊनही होत नाही. जन्मभर मी कोणाचे ना कोणाचे डबेच भरले, आणि मला ते आवडलं. हे मी तोंडानं कबूल करणार नाही, म्हणून इथं लिहिलं.

मी दवाखान्यात असताना गुरुवार आला. हे पस्तीस वर्षं गांधीबागेत कापडाच्या दुकानात होते. कापड बोटानं ओळखतात, पण तुरीची डाळ आणि चण्याची डाळ ओळखत नाहीत. मात्र डबा रिकामा पाठवायचा नसतो, एवढं ह्यांना माहीत होतं. ह्यांनी डबा घासला, त्यात मूठभर साखर घातली, नेऊन कंडक्टरला दिला आणि डबा निघाल्याचं काजलला फोनवर कळवलं. काजल झाकण उघडून स्टँडवरच रडायला लागली. मला फोन करून म्हणते, "आई, बाबानं साखर धाडली वं!" ज्याला एवढं कळतं त्याला बाकीचं शिकवता येईल, हे मी पलंगावरच ठरवलं. चूक माझीच होती. "तुम्ही सरा, मीच करते," असं चव्वेचाळीस वर्षं मीच म्हणत आले.

कलम ६. नंदनवनचं घर माझ्या नावावर आहे. माझ्यामागे ते ह्यांच्या हयातीपर्यंत ह्यांच्याच ताब्यात राहील. विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, ह्यांना विचारल्याशिवाय भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही. ह्यांच्यानंतर दोघा लेकरांना निम्मं निम्मं. तोवर पोरांनी यावं, राहावं, जेवावं. स्वयंपाक हे करतील.

कलम ७. मार्चपासून शिकवणी चालू आहे. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता विसरतात आणि पुन्हा एकपासून मोजतात. परवा वरणात दोनदा हिंग पडला. "मोहरी म्हणजे काळी ना वं?" अहो, काळीच, काळीच! माझं डोकं फिरतं. तरी भात आता मोकळा होतो.

कलम ८. हा मसुदा मी ह्यांना वाचून दाखवला. प्लॉट घेताना, पोरांच्या शाळा ठरवताना, लग्नं जमवताना हे नेहमी एकच म्हणाले, "तू म्हणशील तसं." म्हणून मी विचारायचं म्हणून विचारलं, काही घालायचं आहे का? वकील पेनाला टोपण लावून उठलेसुद्धा होते. तेव्हा हे म्हणाले, "एक लिही. मले कोणाकडे नाही जायचं. मले इथंच राहायचं हाय. मी शिकून राहिलो ना वं."

वकिलांनी हे वाक्य शुद्ध करू नये. पोरांनो, तुमच्या बापानं आजवर काहीच मागितलं नव्हतं. हे पहिल्यांदा मागितलं आहे. ते द्यायचं.

सही: गोपिका रुपराव लांजेवार

आम्हा दोघांसमोर त्यांनी वाचून सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर:
१. बाबाराव भोयर, नंदनवन
२. प्रेमानंद चौधरी, नंदनवन

नागपूर, दि. १४ जुलै २०२५