केळीच्या बागेच्या याद्या

आबा, आज केळीच्या बागेत तुमची लेक जिंकली, आणि हे तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की माझं आताचं काम काय असतं ते आधी सांगायला हवं. कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम मी आता स्वतः लिहीत नाही. एआय एजंट नावाचा एक मदतनीस असतो, माणूस नव्हे, कॉम्प्युटरमधलाच. त्याला आपल्या भाषेत काम सांगितलं की तो भराभर लिहून देतो. पुण्याची नोकरी सोडून जळगावात आले आणि पहिलंच मोठं काम मिळालं ते रावेरकडच्या केळीवाल्यांच्या गटाचं. कोणाची बाग कधी कापायची, मजुरांची टोळी कुठे, ट्रक कुठे, हे आजवर फोनाफोनीवर चालणारं सगळं जुळवायचं. मी एजंटला चार ओळींत सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत सगळं तयार! मी हवेत.

पहिल्याच कापणीला तोंडघशी पडले. केळीची बाग एका दमात कापत नाहीत. तयार झालेले घड तेवढे उतरवतात आणि बाकीच्यांसाठी पुन्हा पुन्हा फेरी करतात. हे तिथल्या पोराटोरांना माहीत, म्हणून त्यांनी मला सांगितलं नाही, मी एजंटला सांगितलं नाही, आणि त्याने पहिल्या फेरीनंतरच बाग ‘पूर्ण’ ठरवून टाकली. ना पुढची टोळी, ना ट्रक. गटाचे अध्यक्ष, पिकल्या मिशांचे गृहस्थ, फोनवर कडाडले, “अवं ताई, अर्धी बाग उभी हाये अन् तुमचं मशीन म्हनते संपली! अजून एक कापनी पाहू, नाही तं आपला फोनच बरा.” ते काम गेलं असतं तर मला मुकाट्याने पुन्हा पुण्याची वाट धरावी लागली असती.

तेव्हा तुम्ही आठवलात. आपल्या शिंदखेड्याला कोणाचंही लग्न जमलं की कोणी काय करायचं त्याच्या याद्या लिहायला दोन्हीकडचे तुम्हालाच बोलावत. सतरंजीवर मधोमध तुम्ही बसला आहात, मी तुमच्या मांडीशी. हुंड्याचं नाव निघालं तर तुम्ही टोपी उचलून चालते होणार, हे सगळ्यांना ठाऊक. बाकी एकेक गोष्ट विचारताय: वऱ्हाड उतरायचं तो जानोसा कोणाकडे, मंडप कोणाचा, वऱ्हाडाच्या आंघोळीचं पाणी कोण तापवणार. सगळ्यांना माहीत असलेलं कशाला लिहायचं, म्हणून नवरदेवाचा मामा वैतागून म्हणतो, “आबा, हाई बी काय लिखानी गोट शे? बठ्ठास्ले माहीत शे!” मान वर न करता तुम्ही म्हणता, “बठ्ठास्ले माहीत शे तेच पहिले लिखनं पडस. भांडण तठेच व्हस.” मी फिदीफिदी हसते, तर डोक्यात टपली. “दात काढू नको, ध्यान दे.”

मग काय, मी एजंटला सांगितलं, आता मी म्हणेपर्यंत एक ओळही लिहायची नाही. केळीवाल्यांसोबत बसले आणि चक्क याद्या केल्या. घड तयार आहे हे कोण ठरवणार? ट्रक उशिरा आला तर टोळी बसून राहील की शेजारच्या बागेत जाईल? शेवटची फेरी कोणती, हे कोण सांगणार? ते हसायचे, “हे बी लिहा लागते का?” मी म्हणायची, हेच लिहा लागते. तो कागद एजंटला दिला आणि बजावलं, कळलं नाही ते आधी विचार. पठ्ठ्याने असे प्रश्न काढले की मलाच परत बागेत पळावं लागलं! आबा, हा म्हणजे परमुलखातला हुशार वऱ्हाडी. सांगितलं नाही तर गोठ्यालाच जानोसा समजून अंथरूण पसरेल, आणि तेही मोठ्या ऐटीत.

आज सकाळी दुसऱ्या एका बागेची कापणी सुरू झाली. ट्रक उशिराच आला, पण त्याआधीच टोळीला शेजारच्या बागेत जाण्याचा निरोप आपोआप गेला होता. पहिली फेरी संपली आणि पडद्यावर बाग तशीच उभी, पुढची फेरी बाकी. अध्यक्षांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, “आता बरोबर. पुढच्या गावाचंबी तुम्हीच करा.” मला तिथेच नाचावंसं वाटलं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, हे मला कळतं. एक गोष्ट मात्र सांगून टाकते. आनंदाच्या भरात मी भर बागेत “आबा, जमलं!” अशी आरोळी ठोकली होती. अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहत विचारलं, “वडील आले का बरोबर?”

मी हो म्हटलं.