तन्वीची गादी

मंगळवार, लॉकडाऊनचा पाचवा आठवडा, हॅरिस पार्क

ग्रेगवरचा माझा राग अजून जात नाही. एकेकाळी बेसबॉल खेळलेला हा माणूस आता संघासाठी शाळांमधून मुलं-मुली हेरतो; मी त्याची मदतनीस, निवडलेल्यांची यादी मीच पाठवते. मैदानं बंद, म्हणून त्याने मुलांकडून घरूनच चेंडूफेकीचे व्हिडिओ मागवले. बारा वर्षांच्या तन्वीने फ्लॅटच्या पार्किंगमध्ये भिंतीला गादी टेकवून चेंडू फेकले. प्रत्येक चेंडू गादीच्या त्याच शिवणीवर.

"मेट, गादीवरून काय कळणार? बॅकयार्डवाल्यांचेच घे," ग्रेग फोनवर म्हणाला.

बॅकयार्ड? इथे फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुणाकडे घरामागचं अंगण आहे? आणि मी काय म्हणाले? "नो वरीज, चालेल." घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि तोंडातून एवढंच निघालं.

ती शिवण डोळ्यांपुढून हलत नाही. उद्या सकाळी त्याला सांगणार आहे, तन्वीचं नाव नसेल तर यादी तुझी तू पाठव.